जुन्या खातेदारांनो, तुमच्या बँकेचे अनुभव लिहा

धागाकर्ता

आमच्या घरातली सगळी खाती एकाच सरकारी बँकेच्या एकाच शाखेत. वडिलांचा पगार तिथे, आईची आवर्ती ठेव तिथे, माझं पहिलं कर्जही तिथलंच. पितळी टोकन हातात घेऊन बाकावर बसायचं, नंबर पुकारला की उठायचं. काम सावकाश होई, पण होई. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात आमचीही गेली. पाटी बदलली, आयएफएससी बदलला, चेकबुकं बदलली. आम्हाला ओळखणारं शाखेत कुणी उरलं नाही.

मध्यंतरी आईचं खातं गोठवलं. कारण काय, तर केवायसी नाही. पेन्शन जमा होत होतं, काढता येत नव्हतं. आईनं ऐंशी ओलांडली आहे, जिना उतरवत नाही. खिडकीवर उत्तर मिळालं, "आजींना घेऊन या." सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय, हे म्हटलं तर "आमच्या ब्रांचला ती फॅसिलिटी नाही." पत्ता तोच असेल, काही बदललं नसेल तर खातेदाराचं साधं स्वयंघोषणापत्र पुरतं, हेही त्यांना माहीत नव्हतं. झेरॉक्स दोनदा दिल्या, दोन्हीदा हरवल्या.

शेवटी सगळं एका अर्जात लिहिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच हा शब्द ऐकला आणि साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. संध्याकाळी खातं सुरू.

तुमच्याकडे काय झालं, आणि मुख्य म्हणजे शेवटी काम कशानं झालं, ते लिहा. बँकेचं नाव नको. कोणती एक बँक वाईट, हा विषयच नाही.

सोलापुरी

एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले. शाखा म्हणे, ज्या बँकेचं मशीन तिच्याकडे जा. ती म्हणे, कार्ड ज्यांचं त्यांच्याकडे जा. नियम असा आहे की पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई मागावी लागत नाही, बँकेनंच जमा करायची असते. मॅनेजर हसून म्हणाले, असं काही नसतं. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाची प्रिंट काढून अर्जाला जोडली. काही दिवसांनी रक्कम भरपाईसकट जमा. ना फोन, ना पत्र, ना सॉरी.

चहावाला_नाही

सर्व्हर डाउन असताना पासबुक भरता येत नाही, डीडी निघत नाही, एफडी मोडता येत नाही. विमा पॉलिसी मात्र निघते. तिची तार वेगळी असावी.

ठाणेकर

+१. लॉकर मागायला गेलो तर मोठी एफडी करा आणि सोबत एक पॉलिसी घ्या म्हणाले. रिझर्व्ह बँकेच्या लॉकर नियमांप्रमाणे तीन वर्षांचं भाडं आणि वेळ आली तर लॉकर फोडण्याचा खर्च निघेल, एवढीच ठेव मागता येते. लॉकर शिल्लक नसेल तर प्रतीक्षायादीतला क्रमांक लेखी द्यावा लागतो. तो मागितला. यादीच नव्हती! मी मागितल्यावर माझ्यापासून सुरू केली, त्यामुळे मी पहिला.

लेकीची_बाजू

बाबा गेले तेव्हा त्यांच्या खात्यावर आणि ठेवींवर नॉमिनी मी होते. मृत्यूचा दाखला, माझं आधार, पासबुक, ठेवींच्या पावत्या असं सगळं घेऊन गेले. समोरच्या बाईंनी न बघताच सांगितलं, कोर्टातून वारस दाखला आणा. म्हटलं, नॉमिनेशन आहे. "असू दे, रक्कम मोठी आहे." भावाची ना हरकत आणा, दोन जामीनदार आणा, जामीनदारांची खाती याच बँकेत हवीत. दर वेळी एक नवा कागद निघायचा. दहाव्याला बाबांच्या फोटोसमोर बसून मी फॉर्म भरत होते, याचा मला अजून राग येतो.

मग बँकेतल्याच एका शिपाईकाकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, नॉमिनी असेल तर हे काही लागत नाही. साहेबांकडे लेखी मागा, की वारस दाखला कोणत्या नियमानं हवा." तसंच केलं. उत्तर लेखी आलंच नाही, पैसे आले. नॉमिनी असताना कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा असतो, हे नंतर कळलं. नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालक नव्हे, म्हणून भावाचा वाटा मी त्याला दिला. पण तो आमचा घरचा प्रश्न होता, बँकेचा नव्हता.

ज्यांच्या आईवडिलांच्या जुन्या ठेवी आहेत त्यांनी पावतीवर नॉमिनीची नोंद आहे का ते आजच बघा. आता चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

निवृत्त_खिडकी

मी बँकेत आयुष्य काढलं, आता शिव्या खायला मोकळा आहे. पूर्वी जिथे आठ माणसं होती तिथे आज तिघं असतात. त्यातला एक कर्जाच्या फायलींत, एक रजेवर. वरून रोज फोन येतो तो विम्याच्या टार्गेटचा. पासबुक किती भरली हे कुणी विचारत नाही. परिपत्रकं येतात, ती वाचायला वेळ कुणाला असतो? लेकीच्या बाजूचं वाचून मात्र मान खाली गेली. आमच्यातले पुष्कळ जण भीतीपोटी जास्तीचे कागद मागतात. उद्या भानगड झाली तर चौकशी आपली होते.

तरी एक सांगतो. शाखेत केलेला आरडाओरडा कुठेच नोंदला जात नाही. तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. माहितीसाठी १४४४८. लोकपालाचं पत्र आलं की ज्या फायलीला पाय नव्हते ती धावते, हे मी आतून पाहिलंय.

कापूसपट्टा

तुमचं सगळं बरोबर आहे, पण ते शहरातलं. आमच्याकडे पाच गावांना मिळून एक शाखा. पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, म्हणून उसनवारी करून मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरणा केला. पावतीवर शिक्का त्याच दिवसाचा, खात्यात नोंद दुसऱ्या दिवशीची. सवलत गेली. पावती हातात आहे, म्हणजे पोच आहेच की. पण तक्रार केली तर पुढच्या खरिपाला त्याच टेबलासमोर उभं राहायचंय. "तुमचा सातबारा स्पष्ट दिसत नाही" एवढं म्हणून तो पेरणी निघून जाईपर्यंत थांबवू शकतो.

धागाकर्ता

@कापूसपट्टा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. @निवृत्त_खिडकी, यावर काही?

निवृत्त_खिडकी

भीती खोटी नाही. एकट्यानं लिहू नका. त्या दिवशी भरणा केलेले आणखी शेतकरी असणार, त्यांच्याही नोंदी सरकल्या असतील. सगळ्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स लावून एकच अर्ज करा. तो शाखेत न देता जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडे द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पीककर्जाचा आढावा या दोघांच्याच बैठकीत होतो. मूळ पावती कुणालाही देऊ नका.

कापूसपट्टा

आमच्याच गावात चौघं निघाले. शेजारच्या गावात उद्या विचारतो. एकानं पावती फेकून दिलीय, त्याचं काय करायचं?

निवृत्त_खिडकी

त्या तारखेचं कॅश स्क्रोल, म्हणजे दिवसभरातल्या रोख व्यवहारांची नोंद, शाखेत असतं. अर्जातच मागा.