मदत हवी आहे: रेडिएशननंतर प्युबिक हाडाला फ्रॅक्चर, रिपोर्टात ‘मेटास्टॅसिस?’ (कॅन्सर हाडात पसरलाय का?) बायोप्सीला पाठवू का?

रोजचीओपीडी: रुग्ण ६८ वर्षांच्या बाई. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दीड वर्षापूर्वी ओटीपोटाला रेडिएशन. महिनाभर कंबर आणि जांघ दुखतेय, पडल्याबिडल्या नाहीत. एक्स-रेत उजव्या प्युबिक रेमसला (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाला) फ्रॅक्चर, कडा खाल्ल्यासारख्या. घरचे म्हणतात, लगेच तुकडा काढून तपासा. जाणकारांनी सांगावं.

क्षकिरण: सुई थांबवा. पेल्व्हिस (कटिभागाची हाडं) हे कडं आहे, पुढे मोडलं की मागे सेक्रमही (मणक्याच्या तळाचं हाड) बऱ्याचदा मोडलेलं असतं. साध्या एक्स-रेत ते आतड्यातल्या गॅसमुळे दिसत नाही. कंबरदुखीचं कारण बहुधा तिथेच मिळेल.

एमआरआय करा, टी१ आणि स्टर (STIR) हे दोन्ही प्रकारचे फोटो हवेत, सेक्रमला समांतर कोरोनल काप मागा. सेक्रमच्या पंखांत सांध्याला समांतर काळी रेघ, भोवती सूज, त्यातही दोन्ही बाजूंना, असं असेल तर इन्सफिशिअन्सी फ्रॅक्चर, म्हणजे कमजोर हाड रोजच्याच भाराने मोडणं. गोलसर डाग, टी१वर मज्जा पूर्ण गेलेली, कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कवच) फोडून बाहेर मऊ गोळा, असं दिसलं तर मेटास्टॅसिसचा संशय खरा. रेघ सापडत नसेल तर १ ते २ मिमी कापांचा सीटी. पेट स्कॅनवर एकट्यावर भिस्त नको, ताजं फ्रॅक्चरही त्यात चमकतं.

रोजचीओपीडी: एमआरआय सांगतो. पण बायोप्सीने एकदाचं नक्की तरी होईल ना?

सांधेजोड: उलट घोळ वाढू शकतो. जुळत्या फ्रॅक्चरच्या कॅलसमध्ये (जोडणाऱ्या नव्या हाडात) पेशी भराभर वाढत असतात, कच्चं हाड तयार होत असतं. एक्स-रे फिल्मशिवाय स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे गेली तर ऑस्टिओसारकोमाचा (हाडाच्या कॅन्सरचा) शेरा येऊ शकतो. त्यात रेडिएशन झालेली जागा, जखम भरायला आणि जंतुसंसर्गाला वाईट.

गोळा खरंच दिसला तर बायोप्सी कराच, पण सुईचा मार्ग पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने आखून द्यायचा. सारकोमा (हाडातच सुरू झालेला कॅन्सर) निघाला तर तो मार्ग गाठीसोबत कापावा लागतो. सुई ग्लुटियस मॅक्सिमसमधून (नितंबाच्या मोठ्या स्नायूतून) गेली तर जखम झाकायला लागणारा स्नायूच हातचा जातो. थोडा तुकडा कल्चरलाही द्या, टीबी विसरू नका.

आत्ताच्या तपासण्या: कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन), क्रिएटिनिन, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन. शेवटच्या दोन मायलोमासाठी (हाडांच्या मज्जेतला कॅन्सर). बोन स्कॅनमध्ये तो निसटू शकतो.

रोजचीओपीडी: एमआरआय आला. सेक्रमच्या दोन्ही पंखांत रेघ, गोळा नाही. झोपवून ठेवू?

सांधेजोड: अजिबात नको. दुखणं आटोक्यात आणून वॉकरवर झेपेल तेवढं चालू द्या. बिछान्यात पडून राहिल्या तर पायात गुठळी. एकदोन आठवड्यांत उभं राहता येत नसेल तर सेक्रमच्या स्क्रूचा विचार. ठिसूळ हाडात आखूड स्क्रू सुटतो, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा लांब स्क्रू जास्त टिकतो. पाय लुळे पडले किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला तर मात्र त्याच दिवशी पाठवा.

रोजचीओपीडी: हाडांसाठी टेरिपॅराटाइड (नवं हाड बनवणारं इंजेक्शन) देऊ?

सांधेजोड: नको. हाडांवर रेडिएशन झालेलं आहे, ऑस्टिओसारकोमाच्या जोखमीमुळे अशा रुग्णांत ते टाळतात. झोलेड्रोनेट (हाडांची झीज थांबवणारं औषध) चालेल, पण आधी दात तपासून घ्या आणि व्हिटॅमिन डी भरून काढा, नाहीतर कॅल्शियम धाडकन उतरतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ३५ मिलि/मिनिटच्या खाली असेल तर तेही नको.

क्षकिरण: सहा आणि बारा आठवड्यांनी फिल्म घ्या. दुखणं वाढत गेलं किंवा नवा गोळा दिसला तर एमआरआय पुन्हा, तोवर सुई नाही.