विषय: घरच्या कम्प्युटरातलं ते काय निघंना

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे घुसडतोय, माफी असावी. बेळगावला टिळकवाडीत आप्पा एकटे असतात हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्या कम्प्युटरवर ब्राउझर उघडला की सर्च भलत्याच पानावर जातं, कोपऱ्यात 'तुमचा कम्प्युटर धोक्यात' अशा पाट्या लागतात. कुठलंसं फुकटचं मराठी टायपिंग उतरवून घेतल्यापासून हे सुरू झालं. अँटिव्हायरसनं सहा वस्तू काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या परत हजर.

दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारूया. आप्पा ऐकत नाहीत. २००४ साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा घातला, तेव्हापासूनची कात्रणं त्यांनी स्कॅन करून ठेवलीत. शिवाय मराठीत कागदपत्रं मिळावीत म्हणून केलेली सगळी निवेदनं आहेत, तीही श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या फॉन्टांत, टाइप केलेली. काय करू?

— टिळकवाडीकर

---

टिळकवाडीकर,

काढलेली वस्तू परत येते म्हणजे तिला आत आणणारा दुसराच कोणीतरी घरात आहे. अँटिव्हायरस पाहुण्याला हाकलतो, पण किल्ली कुणाकडे ते बघत नाही.

आधी क्रोमचा मेनू उघडून तळाला बघायला सांगा. 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं आहे का? घरच्या कम्प्युटरवर ती ओळ सहसा नसते. असली, तर बहुधा कोणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत, पॉलिसी म्हणजे ब्राउझरवर सक्तीचा नियम घालून ठेवलीय. मग एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला तो छोटा प्रोग्राम, हातानं काढताच येत नाही, 'रिमूव्ह'चं बटणच मिळत नाही.

मग टास्क शेड्युलर बघा, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा विंडोजचा भाग. तिथं एखादं काम 'लॉगिन झालं की चालव' म्हणून लावलेलं असतं आणि तेच रोज सकाळी ती पॉलिसी पुन्हा घालतं. शोधायला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स वापरा, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी ते दाखवतं, फुकट आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे. त्या लपवल्या की उरतं ते नजरेत मावण्याएवढं. आणि घाई करून डिलीट करू नका. नुसती खूण काढा, रीस्टार्ट करा, सगळं नीट चाललं तर मग उडवा. मी एकदा घाईत साउंडचा ड्रायव्हर उडवला होता, आठवडाभर कम्प्युटर मुका.

शेवटी डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. तो विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच चालतो, त्यामुळं लपून बसलेल्याला पळायला वाव नसतो. पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. यूपीएस चार्ज आहे ना ते आधी विचारा, मध्येच करंट गेला तर पहिल्यापासून सुरुवात.

आणखी एक. तेच खातं दुसऱ्या लॅपटॉपवर असेल तर सिंक बंद करा, नाहीतर इकडं काढलेलं एक्स्टेन्शन तिकडून परत येईल.

— निपाणीकर

---

दादा, मध्येच बोलते. कोणाचा फोन आला होता का, तेवढं आप्पांना विचारा. आमच्या आईला खानापुरात आला होता, 'कंपनीतून बोलतोय' म्हणून. आणि जरा गोडीनं विचारा हां, ही माणसं लाजेनं सांगत नाहीत.

— खानापूरची वैनी

---

मंडळी,

आपली इथली परदेशातली शनिवारची रात्र, आप्पांची तिकडं रविवारची सकाळ. फोनवर अडीच तास.

ती ओळ होतीच. आप्पा म्हणाले, "कुठलं ऑर्गनायझेशन? मी रिटायर होऊन सोळा वर्षं झाली." शेड्युलरमध्ये एक टास्क सापडला, नाव अगदी सरकारी थाटाचं, 'अपडेट'बिपडेट. खूण काढली, रीस्टार्ट केलं, पाट्या गेल्या. मी खुश.

मग वैनींचा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "होय की. आला होता. पोरगा चांगला होता, मराठी बोलत होता."

कम्प्युटर दुरुस्त करतो म्हणून त्यानं दूरवरून चालवायचं सॉफ्टवेअर घालायला लावलं आणि स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला. म्हणजे इकडं कोणी 'हो' म्हणायची गरजच नाही. रात्री माउस आपोआप हलायचा, आप्पांना वाटायचं माउस जुना झालाय! आणि अँटिव्हायरसनं याला एकदाही हात लावला नाही, कारण हे सॉफ्टवेअर रीतसर आहे. ऑफिसांत रोज वापरतात.

आता?

— टिळकवाडीकर

---

इंटरनेटची वायर आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. आणि माझं आधीचं सगळं मागं घेतो. इतके दिवस परका माणूस आत होता, त्यानं आणखी काय पुरून ठेवलंय ते शोधत बसण्यात अर्थ नाही. फॉरमॅटच. दुकानवाला बरोबर होता, फक्त कारण त्याला ठाऊक नव्हतं.

पासवर्ड बदलायचे ते फोनवरून, त्या कम्प्युटरवरून नाही. आधी ईमेलचा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. बँकेत आप्पांनी स्वतः जाऊन खातं तपासून घ्यावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

बॅकअपमध्ये कागदपत्रं आणि फोटोच घ्या, कुठलाही इन्स्टॉलर नको. पण श्रीलिपीचे फॉन्ट विसरू नका. ते युनिकोड नव्हे, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर आपोआप मराठी दिसेल असं नाही. फॉन्ट नसला तर वीस वर्षांची निवेदनं म्हणजे नुसती किरटी इंग्रजी अक्षरं. विंडोज १० असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत. यंत्राला झेपत असेल तर थेट ११ घाला. ते घालायला पेनड्राइव्ह किमान आठ जीबीचा हवा, आणि तो दुसऱ्या, चांगल्या कम्प्युटरवर बनवायचा.

— निपाणीकर

---

झालं. शहापूरच्या आतेभावानं पेनड्राइव्ह करून आणला, ११ बसलं. बँकेत सगळं जागेवर आहे, देवाची कृपा.

पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा खरोखरच इंग्रजी अक्षरांची खिचडी. आप्पांचा चेहरा व्हिडिओवर बघवेना. फॉन्ट टाकले, पुन्हा उघडली, २००४ चं पहिलं निवेदन जसंच्या तसं. आप्पांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "दुसऱ्या ओळीतली वेलांटी तेव्हापासून चुकलीय बघ."

वैनी, आईंना नमस्कार सांगा. वर्गणी उद्या पाठवतो.

— टिळकवाडीकर