जुळ्या बहिणींपैकी एकीलाच संधिवात कसा? एपिजेनेटिक्सविषयी शंका

जास्वंद (राजारामपुरी, कोल्हापूर):
माझी आई आणि मावशी एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्या बहिणी. आईला आठ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे; सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की भाकरी थापणे राहोच, दुधाच्या पिशवीचा कोपराही तिला कापता येत नाही. कागलला दिलेली मावशी मात्र ठणठणीत आहे. जनुके तीच असताना असे का व्हावे? नातेवाईक म्हणतात की 'एपिजेनेटिक्स' आहाराने बदलते, तेव्हा गोळ्या सोडून पथ्य धरा. हे खरे आहे का?

रंकाळाकाठ:
हा अपवाद नव्हे. अशा जुळ्यांपैकी एकाला हा आजार असल्यास दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्केच आढळते, म्हणजे केवळ जनुकांवर सारे ठरत नाही. डीएनएचा मजकूर न बदलता कोणते जनुक बोलेल आणि कोणते गप्प राहील, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. जनुकाच्या आरंभाशी मिथाइल गट चिकटले की ते बहुधा गप्प राहते.
ल्युपसचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते; ऱ्हुमॅटॉइडप्रमाणेच यातही शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. त्या रुग्णांच्या टी पेशींत (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींत) या मिथाइल खुणा कमी झालेल्या दिसतात आणि एरवी बंद असणारी जनुके जागी होतात. प्रोकेनामाइड व हायड्रॅलाझिन ही औषधे टी पेशींतील मिथाइल खुणा कमी करतात, आणि ती दीर्घकाळ घेणाऱ्या काहींना ल्युपससारखा आजार होतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा ओसरतो.

करवीरकर:
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. ऱ्हुमॅटॉइडमध्ये धूम्रपान हा मोठा धोका आहे, परंतु धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांमध्ये आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिन या दुसऱ्या घटकात रूपांतर होते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हा बदल मुख्यतः प्रथिनांवरचा आहे. त्याला सरसकट एपिजेनेटिक म्हणू नये.
गोळ्यांविषयी मात्र कळकळीने सांगतो. पथ्याने या खुणा पुसून संधिवात बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही, आणि उपचार थांबल्यावर सांध्याची जी झीज होते ती भरून येत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका.

जास्वंद:
दोघांचीही आभारी आहे. आईची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी असते. मागचा शुक्रवार तिने चुकवला होता, म्हणून आजच डॉक्टरांना फोन करते.