‘शिकत राहा’ ठीक आहे, पण वेळ कोणाचा?

वागळेवाला (धागाकर्ता): चाळिशी ओलांडली की ज्याला त्याला एकच सल्ला मिळतो: नवीन शिका, नाहीतर घरी बसाल. शिकायला माझी ना नाही. पण ऐरोलीहून संध्याकाळी सातला सुटलेला माणूस ठाण्याला गाडी बदलून बदलापूरला पोचणार नऊनंतर. मग कोर्स कधी करायचा? मशीन कंपनी बदलते, सॉफ्टवेअर कंपनी बदलते, फायदाही तिलाच. तेव्हा शिकवायचं तिने, तेही ड्युटीच्या वेळेत. खोडून दाखवा.

घणसोलीकर: खोडतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. व्हॅट आणि एक्साइज कोळून प्यालेले कितीतरी अकाउंटंट ‘कंपनी ट्रेनिंग देईल’ म्हणून थांबले आणि मागे पडले. ज्यांनी रात्री बसून एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचे आकडे), इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) समजून घेतलं, ते टिकले. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलं, तेव्हाही ते गडबडले नाहीत. कंपनी तुम्हाला आजच्या खुर्चीपुरतंच शिकवणार. पुढच्या नोकरीसाठी ती पदरचे पैसे का घालेल?

रबाळे_शॉपफ्लोअर: हे टेबलावरच्या कामाचं झालं साहेब. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन, घरी बसून शिकून दाखवा. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, व्हिडिओ बघून पाठ होईल, पण टूल ऑफसेटमध्ये (टूलचं माप मशीनला सांगणारा आकडा) दशांशाची जागा चुकली की टूल थेट जॉब पकडणाऱ्या चकमध्ये घुसतं. हात बसायला मशीनच लागते, आणि ती मालकाची. आमच्याकडे जुने टर्नर (लेथवाले) आवाजावरून सांगतात की इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेला. त्यांना कंट्रोल पॅनेलसमोर महिनाभर उभं केलं तर पोरांच्या पुढे जातील. पण उभं कोण करतंय? प्रॉडक्शन थांबतं ना!

तुर्भे_८२: कायद्याचं कोणीच बोललं नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचं वेतन भरायचं आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचं. नुकसानभरपाई वेगळी.

वागळेवाला: म्हणजे काढून टाकल्यावर शिका. वरातीमागून घोडं! आणि सुपरवायझरचा पगार महिना १८ हजारांच्या वर असेल तर तो ‘कामगार’ धरलाच जात नाही. इथले निम्मे लोक तिथेच बाद.

खारेगावची_मी: फीचं रडगाणं नको. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर कोर्स फुकट असतात, पैसे फक्त परीक्षेचे. अडतं ते वेळेपाशी. पुरुषाला निदान नऊनंतरचा तास सापडतो, कुकर लावून पोरांचा अभ्यास घेणारीला तोही नाही. मी डाउनलोड केलेले व्हिडिओ गाडीत बघून एक कोर्स पुरा केला. मुलाखतीत सर्टिफिकेटकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. ‘यातलं काय काम केलंय?’ एवढंच विचारलं. ते काम द्यायचं कोणी? घणसोलीकर, बोला.

घणसोलीकर: काम कंपनीने द्यावं, हे मान्य. पण कंपनीने शिकवलं की मागोमाग बॉन्ड येतो. दोन वर्षं हलायचं नाही. चालेल?

रबाळे_शॉपफ्लोअर: आम्हाला पळेल. हललो तरी जायचं कुठे, शेजारच्या गाळ्यात?

वागळेवाला: सहा महिन्यांचा बॉन्ड असेल तर डोळे मिटून सही करतो. दोन वर्षांचा असेल तर पगारवाढ आधी लिहून द्या, मग बोलू.