दुसऱ्या ट्रान्सप्लांटसाठी बहिणीची किडनी: हाफ मॅच आहे, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भावासाठी लिहितेय. वय ३८, राहायला कळव्याला, रक्तगट बी पॉझिटिव्ह. २०१७ साली आईने त्याला किडनी दिली. काही वर्षं उत्तम गेली, तो कामावरही रुजू झाला. मग क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की रक्तात वाढतं ते) चढत गेलं. बायोप्सीत सी४डी पॉझिटिव्ह, म्हणजे अँटिबॉडीमुळे झालेलं रिजेक्शन. प्लाझ्मा एक्स्चेंज, आयव्हीआयजी हे अँटिबॉडी कमी करायचे उपचार सगळे करून झाले, किडनी वाचली नाही. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

मला किडनी द्यायची आहे. मी ऐरोलीला असते, वय ४३, बीपी-शुगर नाही, रक्तगट तोच, यजमानांचीही पूर्ण संमती आहे. टायपिंगमध्ये (पेशींवरच्या एचएलए खुणा जुळवून पाहायची तपासणी) हाफ मॅच आलं तेव्हा घरात सगळ्यांना धीर आला. पण फ्लो क्रॉसमॅच पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे माझ्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी त्याच्या रक्तात आधीच आहेत. ओपीडीत गर्दी इतकी की "ही जोडी अवघड आहे" यापलीकडे बोलणं झालं नाही, म्हणून दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बसले.

मला कळलं ते असं. आईकडे एचएलएचे दोन संच, त्यातला एक भावाला मिळाला. दुसरा त्याला परका, आणि आईच्या किडनीबरोबर नेमका तोच त्याच्या शरीरात आला. अँटिबॉडी झाल्या त्या या दुसऱ्या संचाविरुद्ध. त्याच्या सिंगल अँटिजेन रिपोर्टमध्ये (कुठल्या एचएलए खुणेविरुद्ध किती अँटिबॉडी ते दाखवणारा) सगळ्यात उंच रेघ डीक्यू७ या खुणेची, एमएफआय म्हणजे अँटिबॉडीच्या जोराचा आकडा १२ हजारांवर. आणि माझ्या टायपिंगच्या कागदावर डीक्यू७ आहे. वडिलांकडून आम्हा दोघांना एकच संच मिळाला, पण आईकडून मला आला तो दुसरा. म्हणजे जो अर्धा जुळत नाही, त्याच्याशी त्याचं रक्त आधीच एकदा लढलंय. हे बरोबर समजलंय का?

तसं असेल तर आमच्या मधल्या बहिणीचं टायपिंग लगेच करायला हवं. ती ओ गटाची आहे. तिला आईकडून भावाचाच संच मिळाला असण्याची शक्यता निम्मी, मग या अँटिबॉडी तिच्या किडनीला लागू नयेत. वडिलांकडचा संच वेगळा निघाला तर काय, ते तपासावंच लागेल.

इतक्या एमएफआयवर डिसेन्सिटायझेशन (आधी अँटिबॉडी कमी करायचे उपचार) करून कोणी ऑपरेशन करून घेतलंय का? ऑपरेशन पार पडलं एवढंच नको, पुढे किडनी कशी चालली ते सांगा. स्वॅपला (दोन कुटुंबांनी आपसात दात्यांची अदलाबदल करायची) २०११ च्या दुरुस्तीने कायद्याची परवानगी आहे, पण ऐकू येतात त्या जोड्या बहुतेक रक्तगट न जुळणाऱ्या. आमचा रक्तगट जुळतो, अडतंय ते अँटिबॉडीवर. अशा जोडीला स्वॅपमध्ये घेतात का?

अजून एक. टॅक्रोलिमस (रिजेक्शन टाळायचं औषध) पूर्ण बंद केलं तर अँटिबॉडी आणखी वाढतात असं वाचलंय. दुसरं ट्रान्सप्लांट व्हायचं असताना कमी डोस चालू ठेवला होता का कोणी? रक्त चढवण्याचीही मला धास्ती आहे, त्यानेही अँटिबॉडी वाढू शकतात. हिमोग्लोबिन ७ वर आलं तेव्हा पिशवी मागवायचं चाललं होतं, मी नेफ्रॉलॉजिस्टना फोन लावला आणि एरिथ्रोपोएटिनचा (रक्त वाढवणारं इंजेक्शन) डोस वाढवून निभावलं. डायलिसिसवर कोणी असेल आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचं असेल तर रक्त घेण्याआधी डॉक्टरांशी हे जरूर बोला.

मुंबई झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटपाचं काम पाहणारं केंद्र) यादीत हॉस्पिटलमार्फत नाव घातलंय. ठाणे-नवी मुंबईत दुसरं ट्रान्सप्लांट झालेलं कोणी असेल तर इथे लिहा किंवा व्यनि करा. सोमवारी ओपीडी आहे, त्याआधी डॉक्टरांना काय काय विचारायचं ते लिहून न्यायचंय.