शब्दचर्चा : डाउनलोडच्या पानावरचे शब्द – उतरवणे, बसवणे, स्थिर आवृत्ती

आमच्या वाचनालयात दर शनिवारी ज्येष्ठ मंडळी कॉम्प्युटर शिकायला येतात. कुणाला आठवणी लिहायच्या असतात, कुणाला सोसायटीचे हिशेब ठेवायचे असतात. त्यांना मी लिबरऑफिस, म्हणजे लेखन आणि हिशेब करायचा प्रोग्राम, शिकवते. ते घरच्या कॉम्प्युटरवर कसं आणायचं, याचं एक पानी मराठी टिपण करतेय. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं : ‘स्थिर आवृत्ती अधोभारित करून प्रतिष्ठापित करावी.’ एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे मी नक्की काय करायचं?” त्यांनी आयुष्यभर मराठीच शिकवलं आहे. डाउनलोड, इन्स्टॉल, स्टेबल आणि ते ३२-बिट, ६४-बिट यांना तुम्ही घरी बोलताना काय म्हणता?

प्रतिसाद १

डाउनलोडसाठी ‘उतरवून घेणे’ हा शब्द मला फार आवडतो. नुसतं ‘उतरवणे’ मात्र नको. ओझं उतरवतात, दृष्ट उतरवतात, विमा उतरवतात. यातला कुठलाच अर्थ इथे लागू नाही. पण शाळेत गुरुजी म्हणायचे, “फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या.” फळ्यावरचं फळ्यावरच राहायचं आणि आपल्या वहीत त्याची प्रत यायची. डाउनलोडमध्ये नेमकं हेच होतं. ‘आपण घेतलं तर तिथलं संपेल का?’ ही शंका नवख्या माणसाला खरोखर येते आणि हा शब्द ती आपोआप मिटवतो.

इन्स्टॉलसाठी ‘बसवणे’. आपण पंखा बसवतो, नळ बसवतो, गणपतीही बसवतो. वस्तू घरात आली तरी बसवल्याशिवाय चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उतरवून घेणं वेगळं आणि बसवणं वेगळं, हा फरक समजला की अर्धं काम झालं. कितीतरी लोक फाइल उतरवून घेतात आणि तिथेच थांबतात.

उलट क्रियेसाठी, म्हणजे अनइन्स्टॉलसाठी, काही ठिकाणी ‘विस्थापित करा’ असं लिहिलेलं दिसतं. तो शब्द कृपा करून वापरू नका. आपल्याकडे विस्थापित म्हणजे धरणात गाव गेलेली माणसं. ‘काढून टाका’ पुरे. नुसतं ‘काढा’ही नको, कारण चित्र काढतात तेव्हा ते नव्याने तयार होतं.

प्रतिसाद २

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. ताई, ‘उतरवून घेणे’ समजवायला उत्तम आहे. पण बटणावर जे छापलंय तेच टिपणात हवं. बटणावर ‘डाउनलोड’ आणि कागदावर ‘उतरवून घ्या’ असेल, तर माणूस पडद्यावर ‘उतरवून’ हा शब्द शोधत बसतो. पहिल्यांदा ‘डाउनलोड, म्हणजे फाइल उतरवून घेणे’ असं लिहा, पुढे सरळ डाउनलोड. हा शब्द आता भाजीवालेही वापरतात.

खरी अडचण आकड्यांची आहे. अनेक पानांवर ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ अशा दोन फाइली असतात. माझ्याकडे येणारे बरेच जण ८६ मोठा म्हणून तोच नवा समजतात. आहे उलटं. ८६ हे इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या १९७८ सालच्या ८०८६ चिपचं शेपूट आहे. पुढच्या २८६, ३८६, ४८६ चिपांनी ते चालवलं. अशी जोडी दिसली की एक्स८६ म्हणजे ३२-बिट, जुन्या रचनेची फाइल, आणि एक्स६४ म्हणजे ६४-बिट, नव्या रचनेची. तिसरी गंमत ‘एएमडी६४’ची : इंटेलची चिप असलेला माणूस ‘हे माझं नव्हे’ म्हणून ते सोडून देतो. ती ६४-बिट रचना आधी एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीने आणली म्हणून नाव तसं राहिलं, इंटेललाही तीच फाइल चालते.

याला मराठी शब्द शोधू नका. ‘विंडोज ११ असेल तर ६४-बिट घ्या’ एवढंच लिहा, कारण विंडोज ११ त्याखाली येतच नाही. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट अशा क्रमाने जाऊन ‘सिस्टम टाइप’ची ओळ वाचायला सांगा. मॅक असेल तर ‘अबाउट धिस मॅक’मध्ये ‘चिप’ लिहिलंय की ‘प्रोसेसर’ ते बघायचं. चिप असेल तर ॲपल सिलिकॉनची, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठीची फाइल, प्रोसेसर असेल तर इंटेलची. आणि मॅकवर मराठी मेनूंसाठी आणखी एक वेगळी फाइल लागते. विंडोजवर एकातच सगळ्या भाषा येतात.

प्रतिसाद ३

‘स्थिर आवृत्ती’बद्दल बोलायचंय. ‘आवृत्ती’ चांगला शब्द आहे. पुस्तकाची दुसरी, सुधारित आवृत्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण ‘स्थिर’ वाचून माझ्या आईला दवाखाना आठवला. ‘प्रकृती स्थिर आहे’ हे कुणाबद्दल म्हणतात? ज्याची काळजी वाटत असते त्याच्याबद्दल. त्यापेक्षा ‘पारखलेली’ म्हणा, आणि चाचणीच्या आवृत्तीला ‘कच्ची’. कच्चा खर्डा, पक्की पावती हे आपल्या हाडामासाचं आहे.

लिबरऑफिसच्या आकड्यांचाही एका ओळीत खुलासा करा. २०२४ पासून तिथे वर्ष आणि महिना वापरतात : २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी, २४.८ म्हणजे ऑगस्ट. लोक तो टिंब दशांशचिन्ह समजतात. नवी आणि आधीची अशा दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी असतील, तर आधीची जास्त पारखलेली असते. मोठा आकडा म्हणजे चांगला, हे इथे लागू नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, बटणावरचाच शब्द ठेवायचा हे पटलं. नवा खर्डा असा :

‘१. डाउनलोड बटण दाबा. फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरेल. एवढ्याने प्रोग्राम सुरू होणार नाही. २. “डाउनलोड्स” नावाच्या फोल्डरमध्ये जा, ती फाइल दोनदा टिचकी मारून उघडा. आता प्रोग्राम बसेल.’

शिक्षिकाबाईंना हा वाचायला दिला. पहिली ओळ त्यांनी न थांबता केली. दुसऱ्या ओळीवर पडदा अंधारला आणि ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ असा प्रश्न आला. त्यांनी ‘नाही’ दाबलं आणि म्हणाल्या, “अनोळखी माणसाला मी घरात बदल करू देत नाही.” त्यांचं म्हणणं योग्यच आहे. तिथे ‘हो’ म्हणायचं, पण आधी खाली लिहिलेलं प्रकाशकाचं नाव वाचायचं, हे तिसऱ्या ओळीत कसं लिहू? ‘प्रकाशक’ म्हटलं की त्यांना पुस्तकवालेच आठवतात.