कॅफेबाबेल नुसत्या इंग्रजीत चाललं असतं? ('सहा भाषांचा हट्ट'ला उत्तर)

रेवती_म:
काल सांगलीकर यांनी लिहिलं, "कॅफेबाबेल वाढलं ते युरोपियन आयोगाच्या अनुदानावर. सहा भाषांचा हट्ट सोडून नुसत्या इंग्रजीत काढलं असतं तर निम्म्या खर्चात दुप्पट वाचक मिळाले असते." हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅफेबाबेल हे ऑनलाइन मासिक २००१ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला सुरू झालं. काढणारी मुलं इरॅस्मसवर, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून, तिथे शिकायला आलेली. तेव्हा संघात १५ देश होते आणि युरोच्या नोटा अजून कुणाच्या हातात पडल्या नव्हत्या. ल मोंद हे फ्रेंच दैनिक वाचा, युरोप पॅरिसहून दिसणार; एल पाईस हे स्पॅनिश दैनिक वाचा, माद्रिदहून. एकच लेख रोमच्या, बर्लिनच्या आणि सेव्हिलच्या पोरांनी आपापल्या भाषेत वाचावा, हे या मुलांच्या मनात होतं. पुढे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि पोलिश अशा सहा आवृत्त्या झाल्या, कचेरी पॅरिसला गेली, शहरोशहरी गट उभे राहिले. लेखक आपल्या भाषेत लिहायचा, स्वयंसेवक अनुवाद करायचे, त्या त्या भाषेचा संपादक शेवटचा हात फिरवायचा.

आता सांगा, इंग्रजीत काढलं असतं तर लिहिलं कुणी असतं? ज्यांचं इंग्रजी पक्कं तेवढ्यांनीच. गावोगावचे गट उभे राहिले ते भाषांमुळे. अनुदान नंतरचं.

सांगलीकर:
रेवतीताई, गट उभे राहिले हे मान्य. पण गटात कोण होतं? इरॅस्मस करून आलेली, दोन-तीन भाषा बोलणारी मुलं. २९ मे २००५ ला फ्रान्सने युरोपीय संघाची नियोजित राज्यघटना जनमतात जवळजवळ ५५ टक्के मतांनी फेटाळली, तीन दिवसांनी नेदरलँड्सने ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी. त्या 'नाही' म्हणणाऱ्या माणसापर्यंत हे मासिक सहा भाषांतूनही पोचलं नाही. मग एका भाषेत काय वाईट होतं? मी २२ वर्षं सहकारी संस्थांचे हिशेब तपासलेत. अनुदानावर वाढलेल्या गोष्टीला वाढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अनुवादिका_ठाणे:
तुम्ही दोघं अनुदानावर भांडताय. मला त्या 'स्वयंसेवक' शब्दाचा राग येतो. अनुवाद हे काम आहे. पुण्यातल्या एका संस्थेने माझ्याकडून ४० पानांचा जर्मन अहवाल मराठीत करून घेतला. मानधन विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला भाषेची आवडच आहे ना!" छपाईवाल्याला पैसे मिळाले, मांडववाल्याला मिळाले, चहावाल्यालाही मिळाले. मी वर्षभर फोन करत राहिले. युरोपातली मुलं काढोत नाहीतर आपल्याकडची, फुकट अनुवादावर उभ्या राहिलेल्या मासिकाचं कौतुक माझ्याच्याने होत नाही.

कोलोनवासी:
ताई, पैसे देऊन करायचा प्रयोगही झालाय. प्रेसयुरोप हे युरोपभरच्या वर्तमानपत्रांतले लेख अनुवादून देणारं संकेतस्थळ २००९ साली आलं. दहा भाषा, पगारी संपादक, पैसे घेणारे अनुवादक, सगळा खर्च आयोगाचा. आयोगाने हात काढून घेतला आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते बंद पडलं. विद्यार्थ्यांचं मासिक तेव्हाही चालू होतं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक १८ वर्षं निघतोय, कुणी एक सेंट घेत नाही. पैशाची भाषा आली की माणसं पांगतात.

अनुवादिका_ठाणे:
कोलोनवासी, तुम्ही आठवडाभर पगारी नोकरी करता आणि शनिवारी अंक काढता. माझी नोकरीच अनुवाद आहे! तुम्ही हौसेने फुकट करता म्हणून माझा दर पडतो, हे तुम्हाला कधी दिसलं का? आणि प्रेसयुरोपची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तिथल्याच लोकांनी दुसऱ्या वर्षी व्हॉक्सयुरोप हे तसंच संकेतस्थळ उभं केलं. कसब असलेली माणसं तयार झाली होती, म्हणून ते जमलं.

कोलोनवासी:
दर माझ्यामुळे पडतो? १८ वर्षं रात्री जागून मुद्रितं तपासली ती कुणाचं पोट मारायला नव्हे. हे फार लागलं. व्हॉक्सयुरोपचं बरोबर आहे, ते मी सांगायला हवं होतं.

रेवती_म:
दोघंही जरा थांबा. स्ट्रासबुर्गला मी दोन वर्षं होते. माझी इटालियन रूममेट कॅफेबाबेलसाठी अनुवाद करायची. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती 'लाइसिते'पाशी अडली, म्हणजे राज्य आणि सरकारी शाळा धर्मापासून अलग ठेवायच्या फ्रेंच तत्त्वापाशी. लेख फ्रेंच, शाळेतल्या डोक्यावरच्या रुमालावर २००४ साली आलेल्या बंदीबद्दल. इटालियनमध्ये शब्द तयार आहे, 'लाइचिता', सख्खा भाऊच. पण इटलीत शाळेच्या वर्गात भिंतीवर क्रूस असतो, आणि २०११ मध्ये स्ट्रासबुर्गच्याच मानवी हक्क न्यायालयाने तो राहू दिला. म्हणजे शब्द तोच ठेवला तर तिकडचा वाचक भलतंच समजणार. त्यात खुद्द स्ट्रासबुर्गला फ्रान्सचा १९०५ चा धर्म आणि राज्य वेगळं करणारा कायदा लागू नाही, कारण तेव्हा ते जर्मनीत होतं. तिथल्या धर्मगुरूंना आजही सरकार पगार देतं. पास्ता गार झाला. तिने अर्धं वाक्य चार वेळा खोडून लिहिलं, खुलासा म्हणून. सांगलीकर, हे अर्धं वाक्य इंग्रजी मासिकात कधी लिहिलं गेलं असतं? 'सेक्युलर' लिहून सगळे पुढे गेले असते.

सांगलीकर:
बरं. एका भाषेत तेच काम झालं असतं, हे माझं म्हणणं मागे घेतो. अनुदानाबद्दलचं कायम. आणि ठाणेकर ताईंचा मुद्दा मला सुचायला हवा होता. फुकटची मेहनत ताळेबंदात कुठेच दिसत नाही, आणि अनुदान मात्र ठळक दिसतं.

अनुवादिका_ठाणे:
रेवती, त्या अर्ध्या वाक्याचे तिला पैसे मिळाले का?

रेवती_म:
नाही. लेखाखाली अनुवादक म्हणून नाव आलं. आता ती तोरिनोला कोर्टात दुभाषी आहे, तासावर पैसे घेते. तो लेख तिने अर्जाला जोडला होता.

अनुवादिका_ठाणे:
तिने जोडला ते बरं केलं. मासिकाने पैसे द्यायलाच हवे होते.